व्यसन आणि मनाचा आजार : गावाजवळच्या उपचाराची वाट

(दवनीवाडा, जि. गोंदिया येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या सभेत एका सेवानिवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण)



दारूबंदीवर व्याख्यान देण्यासाठी मी आलेलो नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. त्या विषयावर विदर्भाला सांगण्यासारखे नवे असे माझ्यापाशी काही नाही. गाडगेबाबांची कीर्तने या मुलखाने ऐकली आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता घरोघरी आहे, वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझा प्रश्न त्याहून लहान आणि अधिक अडचणीचा आहे. उद्या सकाळी याच गावातील एखादा गृहस्थ सरपंचांच्या दारी येऊन म्हणाला, की मला ही सोडायची आहे. किंवा मध्यरात्री त्याची बायको धावत आली आणि म्हणाली, की हा भिंतीशी बोलतो आहे, काहीतरी करा. तर त्याला नेमके कोठे न्यायचे, कोणी न्यायचे आणि परत आणल्यावर कोणी पाहायचे? याचे उत्तर आपल्यापैकी किती जणांजवळ तयार आहे?

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळातील एक चूक मी आज कबूल करणार आहे. धानाच्या पट्ट्यातील एका आरोग्य केंद्रात मी नवा होतो. चाळिशीतला एक शेतकरी आला. सकाळी उठल्याबरोबर हात कापतात, घोटभर घेतली की थांबतात, असे त्याने स्वतः सांगितले. मी त्याला चांगले खडसावले. मुलाबाळांची आठवण करून दिली आणि आजपासून थेंबही घेणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतली. माणूस शब्दाचा पक्का होता. त्याने शपथ पाळली. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. तिसऱ्या रात्री अंगावर किडे चढतात, दारात माणसे काठ्या घेऊन उभी आहेत, असे ओरडत तो घराबाहेर पळाला. शेजाऱ्यांनी त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणले. तो वाचला, यात माझी पुण्याई काही नव्हती.

पुस्तकात हे सारे लिहिलेले होते. मला ते त्या वेळी सुचले नाही. वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्याचे शरीर व मेंदू तिला सरावतात. ती एकाएकी बंद केली, म्हणजे पहिल्या दिवसातच कंप, घाम, छातीत धडधड, झोप न लागणे अशी लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, माणूस वेळकाळ विसरतो. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. उपचार मात्र अवघड नाही. ठरावीक गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन पाच-सात दिवसांत क्रमाक्रमाने कमी करीत जातात, पाणी व आहार सांभाळतात आणि थायमिन हे जीवनसत्त्व देतात. उपाशी, खंगलेल्या मद्यपीला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. सलाईन लावा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्या आपल्या मंडळींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. यास्तव माझी पहिली विनंती अशी, की ज्याचे हात सकाळी कापतात त्याला सभेत उभे करून शपथ देऊ नका. त्याला आधी आरोग्य केंद्रात न्या. शपथ मागाहून घेता येते.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. दारू सुटली म्हणजे काम संपले, असा आपला समज असतो. काही वर्षांनी अशाच एका रुग्णाची बायको माझ्याकडे आली. नवऱ्याने दोन महिने बाटलीला हात लावला नव्हता. गावाने त्याचे कौतुक केले होते. ती म्हणाली, "दारू तं सुटली जी, पण हा मानूस बोलतच नाही." तो बांधीच्या धुऱ्यावर तासन्‌तास बसून राही. जेवण नाही, झोप नाही. मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारले, की जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का? तो म्हणाला, रोज येते; दारू होती तेव्हा निदान रात्र तरी निघून जायची.

त्या माणसाचे दुखणे दारूच्या आधीचे होते. धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर तो खचला होता आणि त्या खचलेपणावर दारू हेच त्याने स्वतःपुरते औषध शोधून काढले होते. आम्ही औषध काढून घेतले आणि आजार तसाच ठेवला. मी त्याला एका शहरातील रुग्णालयात पाठवले. तेथे एका दालनात त्याला सांगण्यात आले, की तुम्ही दारूचे रुग्ण, आमच्याकडे नव्हे. आणि दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले, की तुम्हाला तर मानसिक आजार आहे, तो आधी बरा करून या. एस.टी.च्या तिकिटात मजुरी घालवून तो परत आला. पुढे एका तरुण मानसोपचारतज्ज्ञाने दोन्ही गोष्टी एकत्र हाती घेतल्या, तेव्हा कोठे तो मार्गाला लागला.

व्यसन आणि मनाचा आजार ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच घरी राहतात, ती अनेक तऱ्हांनी. कोणाला उदासीनता किंवा सततची भीती आधी असते आणि दारू मागाहून येते. कोणाला दारूमुळेच उदासीनता येते. अशांपैकी पुष्कळांची ती दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टर काही दिवस थांबून पुन्हा तपासतात. तथापि जिवाला धोका असेल तर थांबायचे नसते. कोणाला आवाज ऐकू येतात. ते दारूने आले की मुळात छिन्नमनस्कतेसारखा आजार आहे, हे तज्ज्ञालाही पहिल्या भेटीत सांगता येईलच असे नाही. घरचे लोक त्याला करणी म्हणतात आणि मांत्रिकाकडे महिने घालवतात. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी ही वाट ओस पडलेली नाही. यातले काय आधी आणि काय नंतर, याचा निवाडा आपण गावात बसून करू नये. आपले काम एवढेच, की दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या. दारू लपवून नुसती झोप येत नाही म्हणणारे आणि आत्महत्येचा विचार लपवून नुसती दारू सांगणारे, दोघेही अर्धाच उपचार घेऊन घरी येतात.

महाराष्ट्रात या दोन दुखण्यांची गाठ फार पूर्वी ओळखली गेली होती, याचे एक उदाहरण सांगतो. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपण ऐकून आहात. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे साहाय्य त्यामागे होते. सुनंदाताई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि मुक्तांगणचा जन्म येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात झाला. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या पत्नीलाही आधार हवा, ही गोष्ट तेथे पहिल्यापासून मानली गेली. आपल्या गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरूनच कोल्हापूरला जाते, तेव्हा रस्ता आहे. पण रोजमजुरी करणाऱ्या माणसाला रोवणीच्या दिवसांत पाच आठवडे पुण्यास राहा असे सांगणे, हे त्याला नाही म्हणण्यासारखेच आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. तेही गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटरवर. गरज पडल्यास तेथे जावेच लागते. मात्र प्रत्येकाला तेथपर्यंत जाण्याची गरज नसते.

लांबच्या वाटेचा परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करवून घेतली आणि तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध केला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे एकीलाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेणारी व्यक्ती १८० मागे एक. उरलेले सारे आपापल्या घरी आहेत, म्हणजेच आपल्या गावात आहेत.

मग जवळ काय आहे? पहिली पायरी उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र. दुसरी गोंदियाची. तेथे २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय त्याला जोडले गेले. पूर्वी ज्या तपासणीसाठी नागपूर गाठावे लागे, तिच्यासाठी आता आधी गोंदियाच्या मानसोपचार विभागात विचारणा करावी. तिसरी गोष्ट म्हणजे १९९६ साली देशात आरंभ झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. तज्ज्ञांनी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून न राहता ठरावीक दिवशी खालच्या रुग्णालयांत जावे आणि तेथील डॉक्टर-परिचारिकांना तयार करावे, ही त्याची मूळ कल्पना. आपल्या बाजूला त्यांचा दिवस कोणता, हे ग्रामपंचायतीने पत्र पाठवून विचारून घ्यावे आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावे. पल्स पोलिओची तारीख आपण लिहितो, तशीच ही. चौथी गोष्ट दूरध्वनीची. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा वेगळा राष्ट्रीय क्रमांक आहे.

येथे कायद्याचा एक शब्द आवश्यक आहे. मानसिक आरोग्य देखभाल अधिनियम २०१७ साली संमत झाला. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश त्याने मानसिक आजारातच केला आहे. तेव्हा 'हा दारूचा रुग्ण, आमचा नव्हे' या उत्तराला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास त्याने मनाई केली. या मनाईमागे २००१ सालची दुर्घटना आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधून ठेवलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले होते. गावागावांत जाहिराती लावून 'खात्रीने दारू सोडवतो' म्हणणारी केंद्रे निघाली आहेत. तेथे माणूस सोपवण्यापूर्वी नोंदणी दाखवा, डॉक्टर कोण आहेत ते सांगा, आम्हाला आमच्या माणसास भेटू द्या, असे बेधडक विचारावे. उत्तर टाळणाऱ्याकडे कोणालाही ठेवू नये.

त्याच ओघात न सांगता भाजीत घालावयाच्या पुड्यांविषयी. अशा पुडीत पुष्कळदा डायसल्फिराम असते. ते औषध म्हणून चांगले आहे. पण ते घेतलेल्याने दारू प्यायली तर रक्तदाब घसरतो, श्वास कोंडतो, हृदय दुबळे असेल तर मृत्यूही ओढवतो. ज्याला भ्रम होतात त्याचा आजार या औषधाने वाढू शकतो. माहिती आणि संमतीवाचून ते देणे हा विषप्रयोगच समजावा. मायमाऊली हे वैतागून करतात, हे मी जाणतो. त्यांना दोष न देता सांगा.

आता गावाने स्वतः काय करावे, याकडे येतो. माझ्या मते भाषणाचा गाभा हाच आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातून उपचार होतो काय, अशी शंका आपणांस येईल. गोव्यातील संगथ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची रीतसर परीक्षा घेतली. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबरच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक समुपदेशकांनी फार तर चार बैठकांत सल्ला दिला. तीन महिन्यांनंतर या गटातील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. दुसऱ्या गटातील २६ टक्के. निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फरक दहा टक्क्यांचा. कोणी म्हणेल थोडा आहे. मला तो पुरेसा वाटतो, कारण तो महागड्या यंत्राने वा नव्या इमारतीने आलेला नव्हता. हात कापण्याच्या अवस्थेपर्यंत पोचलेले रुग्ण या प्रयोगात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. अशांना डॉक्टर हवाच.

पुढे गेलेल्या रुग्णांसाठी तामिळनाडूतील मंजक्कुडी गावाचा कित्ता आहे. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानने १९८९ पासून तेथे पंधरा-पंधरा दिवसांची शिबिरे भरवली. उपचार करणारी मंडळी गावी येऊन राहिली. जागा, जेवण आणि रुग्णांची निवड गावकऱ्यांनी सांभाळली. आपल्या शेजारी गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने गावपातळीवरील शिबिरे आणि तालुक्याच्या ठिकाणची उपचार केंद्रे चालवली आहेत. अभ्यासासाठी चेन्नईचे तिकीट काढण्याआधी तेथे एक दिवस जाऊन यावे.

गुरुजनहो, आशाताईंनो, चार प्रश्न आपण पाठ करावेत. दारू कमी करावी असे कधी वाटले का? लोक त्यावरून बोलतात त्याचा राग येतो का? घेतल्याबद्दल मनाला खंत वाटते का? सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर करण्यासाठी घ्यावी लागते का? दोन उत्तरे होकारार्थी आली तर आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. याला आणखी दोन प्रश्न जोडावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास आहे का? पूर्वी ज्यात गोडी वाटे त्यातली गोडी गेली आहे का? आणि शंका आली तर मरणाच्या विचाराविषयी उघड विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारे कोणी भेटले म्हणून पुष्कळांना हायसे वाटते. मात्र हे प्रश्न पारावर, चार लोकांत विचारू नयेत. पोवारी बोलणाऱ्याला पोवारीत, गोंडी बोलणाऱ्याला गोंडीत विचारावे. घरच्या बोलीत माणूस जे सांगतो ते छापील मराठीत सांगत नाही.

खर्ऱ्याविषयी मी आज विस्ताराने बोलत नाही, त्याला वेगळी सभा हवी. इतकेच सांगतो, की दारू सोडलेला माणूस दिवसाला दहा खर्रे खाऊ लागला तर त्याचे अभिनंदन करण्याची घाई करू नये. आणि शिक्षकांच्या खिशातील पुडी मुलांना दिसते.

परत आलेल्या माणसाचे पहिले वर्ष कठीण असते. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत, उदासीनतेवरची औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने अनेक महिने घ्यावी लागतात आणि बरे वाटले म्हणून मध्येच बंद होतात. घसरण्याचे दिवसही आपणांस ठाऊक आहेत. पोळ्याचा पाडवा, मळणीनंतर हातात पैसा येतो ते आठवडे, दिवाळीनंतरच्या मंडया. मंडईला पाहुणा आला की बाटली आलीच. या तारखा पंचांगात आधीच छापलेल्या असतात. मग त्या आठवड्यात त्या घरी एक फेरी मारण्यास कोणाची हरकत असावी? आणि तो घसरला, तर 'आम्ही म्हणत होतोच' हे वाक्य कृपा करून गिळावे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला गावाबाहेर काढत नाही.

काम देण्याचा प्रश्नही आहे. सहा महिने न प्यायलेल्या माणसाला राईस मिलमध्ये कोणी हमालीस ठेवत नाही, रोवणीला कोणी बोलावत नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ग्रामपंचायतीच्या हाती रोजगार हमीची कामे आहेत. मागणीचा अर्ज भरून देण्यास त्याला मदत करणे, हा औषधाइतकाच उपचार आहे असे मी एक डॉक्टर म्हणून म्हणतो.

शेवटी एक मागणी करतो. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दारू सोडू पाहणारी दोन माणसे एकमेकांशी बोलत बसली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिला लागते काय? एक खोली, थोड्या सतरंज्या आणि ऐकलेले बाहेर न नेण्याचा शब्द. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची एक खोली या मंडळींना मिळावी. दुसऱ्या एका दिवशी तीच त्यांच्या घरच्या स्त्रियांना मिळावी, कारण त्यांचे बोलणे नवऱ्यांसमोर होणार नाही. मुख्याध्यापक येथे बसले आहेत, सरपंच ताईही आहेत. खोली कोणती आणि तिची किल्ली कोणाकडे राहील, एवढे आपण दोघांनी उठण्यापूर्वी ठरवावे. माझी गाडी सुटण्यास अजून तासभर अवकाश आहे. ज्यांना एकांतात काही विचारायचे असेल, त्यांच्यासाठी मी मागच्या वर्गात बसतो.